नाडी मंद पडते तेव्हा

एखादी मुलगी कित्येक महिने जेमतेम खातेय, वजन झपाट्याने उतरलंय, आणि तपासताना नाडी मिनिटाला ४२ भरते. घरच्यांना हायसं वाटतं, कारण खेळाडूंची नाडीही अशीच मंद असते असं त्यांनी ऐकलेलं असतं. पण ही अ‍ॅनोरेक्सियाची, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने खाणं तोडत नेण्याच्या विकाराची, खूण असू शकते. या गैरसमजापायी अनेकदा मोलाचे आठवडे वाया जातात, म्हणून हा लेख.

फरक ओळखायला तिला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगावं. कसलेल्या धावपटूची नाडी तेवढ्याने फारशी हलत नाही. उपाशी शरीराची मात्र एकदम उसळते. धावपटूचं हृदय एका ठोक्यात भरपूर रक्त ढकलतं, त्यामुळे त्याला कमी ठोके पुरतात. उपाशी हृदयाकडे तसली शिल्लक नसते.

हृदयाचा वेग, रक्तदाब, घाम, पचन ही कामं स्वायत्त मज्जासंस्था आपल्या नकळत सांभाळते. अन्न तुटलं की ती काटकसर सुरू करते. मेंदूतून हृदयाकडे येणारी व्हेगस नस हृदयाला आवरून धरते, थायरॉइडचं सक्रिय संप्रेरक घटतं, हातपाय गार पडतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांश घटलं आणि नाडीही खूप मंदावली. त्यांतल्या कुणालाही आधी खाण्याचा विकार नव्हता. भुकेपुढे कुठलंही शरीर असंच वागतं.

पुढे हृदयाचा स्नायूही झिजतो. डावा कप्पा आक्रसतो, पण झडप आहे तेवढीच राहते. कप्प्याच्या मानाने ती मोठी ठरते आणि ठोक्यागणिक मागे फुगते.

डॉक्टर अशा रुग्णाला पाच मिनिटं आडवं ठेवून नाडी मोजतात, मग उभं करून पुन्हा मोजतात. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. एरवी स्वायत्त मज्जासंस्था क्षणात रक्तवाहिन्या आवळून तोल सावरते. इथे ते जमत नाही. ओठ पांढरे पडतात, हात भिंत शोधतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. किशोरवयीन रुग्णाची नाडी दिवसा जागेपणी ५० च्या खाली किंवा रात्री ४५ च्या खाली असली, तर रुग्णालयात दाखल करण्याचा विचार होतो.

बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते उलटी किंवा औषधाने बाहेर काढण्याच्या विकारात, धोका वेगळ्या वाटेने येतो, आणि मला तोच अधिक फसवा वाटतो, कारण वजन बहुधा नेहमीसारखंच असतं. वारंवार उलट्या किंवा जुलाबाची औषधं यांमुळे शरीरातलं पोटॅशियम निघून जातं. रक्तात ते लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असावं लागतं. ते खूप घसरलं की प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला उशीर होतो. हा उशीर ईसीजीत क्यूटी नावाचं अंतर लांबल्याने दिसतो. तेवढ्या फटीत एखादा अवेळी ठोका पडला तर लय बिघडून जीव जाऊ शकतो. अमेरिकी गायिका कॅरन कार्पेंटर १९८३ मध्ये अवघ्या ३२ व्या वर्षी हृदय बंद पडून गेल्या. त्यांना बुलिमिया नव्हे, अ‍ॅनोरेक्सिया होता; त्यातही हृदय दगा देऊ शकतं.

दीर्घ उपासमारीनंतर एकदम पोटभर खाऊ घालणंही घातक ठरू शकतं. इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं आणि हृदयावर ताण येतो. म्हणून सुरुवातीला रोज रक्त तपासत आहार वाढवतात.

पुरेसं अन्न मिळत राहिलं, की यातलं बरंचसं भरून येतं. कप्पा पुन्हा वाढतो, झडप नीट बसू लागते, रात्रीची नाडी वर येते. उठल्यावरची चक्कर जायला मात्र काही आठवडे लागतात, आणि तोवर अंथरुणातून उठताना आधी काठावर बसून मगच उभं राहायचं.