पहिलं पिस्तूल आणि ‘आधी लायसन्स काढा’ची अफवा

नेमबाजी शिकायची म्हटलं की कोणीतरी सांगतंच, आधी लायसन्स काढ आणि दोन-तीन लाख बाजूला ठेव, आणि कित्येक पोरं तिथेच थांबतात याचं मला खरंच वाईट वाटतं. १० मीटरच्या स्पर्धेचं एअर पिस्तूल (काडतुसाऐवजी दाबलेल्या हवेने छर्रा उडवणारं) ४.५ मिमी बोअरचं, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं असतं, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे या बोअरच्या, २० जूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या एअरगनला लायसन्स लागत नाही. लायसन्स लागतं ते .२२ वगैरे काडतुसाच्या पिस्तुलाला.

आता पैशाचं. लगेच विकत घेऊच नका, पहिले काही महिने क्लबचं पिस्तूल वापरा, तेवढ्यात कळतं की आपल्या हाताला कुठली ग्रिप (पिस्तुलाची मूठ) बसते, आणि ग्रिप चुकली तर महागडी ब्रँडेड गन पण काही कामाची नाही. नंतर सेकंडहँड बघा, चालतं, फक्त पिस्तुलाच्या दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख नक्की वाचा कारण स्पर्धेत साधारण १० वर्षांच्या वरचा सिलिंडर चालत नाही आणि नवीन घ्यायचा म्हणजे परत खर्च. डावखुरे असाल तर डावी ग्रिप आहे का ते आधीच विचारा.