जामठ्याचा अश्विन

सोयाबीनची सोंगणी झाली की आमच्याकडे वावरं मोकळी होतात आणि दोन-चार दिवसांत कुठेतरी स्टंप रोवलेले दिसतात. बॉल टेनिसचा. त्याला शिवण नसते, त्यामुळे बोटांना धरायला काही मिळत नाही. ज्याला फिरकी टाकायची असते तो पोट्टा बॉल अंगठा आणि दुमडलेल्या मधल्या बोटात दाबतो आणि कॅरमच्या सोंगटीला मारावी तशी टिचकी मारतो. बॉल भलतीकडेच वळतो.

रविचंद्रन अश्विनचा कॅरम बॉल असाच आला. चेन्नईच्या गल्लीत टेनिस बॉलवर खेळणाऱ्या एका गोलंदाजाकडून त्याने तो उचलला. तमिळमध्ये त्याला ‘सोडक्कू’ बॉल म्हणतात, म्हणजे टिचकीच. 2008 मध्ये श्रीलंकेच्या अजंता मेंडिसने हाच प्रकार वापरून तीन कसोटींत भारताचे 26 बळी घेतले, तेव्हा जगाला तो नवा वाटला. गल्लीतल्या आणि वावरातल्या पोरांना तो आधीपासून ठाऊक होता. चेन्नईचा हा इंजिनिअर आम्हाला आपला वाटतो, त्याचं एक कारण हे. दुसरं कारण जामठा.

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना रस्त्यालगत जामठ्याचं स्टेडियम लागतं. तिथे पहिली कसोटी नोव्हेंबर 2008 मध्ये झाली. ऑस्ट्रेलियाचा ऑफस्पिनर जेसन क्रेझा पदार्पणातच 215 धावा देऊन आठ बळी घेऊन गेला, तरी सामना भारताने जिंकला. अश्विन तेव्हा तमिळनाडूकडून रणजी खेळत होता. सुरुवातीला तो फलंदाज होता आणि मध्यमगती टाकायचा. पोरवयातल्या दुखापतीनंतर फिरकीकडे वळला. नोव्हेंबर 2011 मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी पदार्पण केलं आणि त्याच सामन्यात नऊ बळी घेतले. तिसऱ्या कसोटीत, मुंबईत, शतक आणि डावात पाच बळी.

पण जामठ्यावर तो पहिल्यांदा कसोटी खेळला ती आठवण कडू आहे. डिसेंबर 2012, इंग्लंड. पीच इतकी संथ की पाच दिवस खेळूनही निकाल लागला नाही आणि आधीच मालिकेत पुढे असलेल्या कुकच्या संघाने 28 वर्षांनी भारतात मालिका जिंकली. चार कसोटींत अश्विनला 14 बळी मिळाले, तेही सरासरी पन्नासच्या वर. पुढच्याच वर्षी मायदेशात ऑस्ट्रेलियाचे 29 बळी घेऊन तो सावरला. डिसेंबरात मात्र जोहान्सबर्गला एकही बळी मिळाला नाही आणि संघातली जागा गेली. ती परत मिळाली 2014 च्या ऑगस्टमध्ये, मँचेस्टरला. मधल्या महिन्यांत त्याने ॲक्शनवर नव्याने काम केलं. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात महत्त्वाचा काळ हाच, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं.

मग 25 नोव्हेंबर 2015. आमच्याकडे कापसाचा वेचा ऐन भरात होता. दक्षिण आफ्रिका परदेशात नऊ वर्षं एकही कसोटी मालिका हरली नव्हती. जामठ्यावर त्यांचा पहिला डाव 79 धावांत आटोपला. अश्विनचे पाच बळी, जडेजाचे चार. दुसऱ्या डावात अमला आणि डू प्लेसी चिवटपणे उभे राहिले, दोघांनी 39-39 केल्या, तरी अश्विनने 66 धावांत सात जणांना टिपलं. सामन्यात 98 धावांत 12 बळी. तिसऱ्याच दिवशी, 27 तारखेला, खेळ संपला.

त्या पीचवर जगभरातून टीका झाली. आयसीसीने तिला खराब ठरवून ताकीद दिली. पीच कोरडी आणि उखडलेली होती, हे खरंच आहे. पण त्याच पीचवर बाकीचे फिरकी गोलंदाजही होते. इम्रान ताहिरने दुसऱ्या डावात पाच बळी घेतले, तरी सामन्यात बारा एकट्या अश्विनलाच मिळाले. भेगाळलेली जमीन काय करू शकते हे विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आणि जमीन चांगली म्हणून पेरणाऱ्याचं कसब मोजायचंच नाही, असं आम्ही कधी म्हणत नाही.

दोन वर्षांनी, पुन्हा 27 नोव्हेंबरलाच, याच मैदानावर श्रीलंकेचा लाहिरू गमगे त्रिफळाचीत झाला आणि अश्विनचे 300 बळी पूर्ण झाले, 54 कसोटींत. आधीचा विक्रम ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीचा होता, त्याला त्यासाठी 56 कसोटी लागल्या होत्या. फेब्रुवारी 2023 मध्ये ॲलेक्स कॅरीला बाद करून त्याने 450 वा बळीही जामठ्यालाच घेतला. त्या सामन्याच्या दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलिया 91 वर गारद झाली, त्यातले पाच अश्विनचे. म्हणजे इथल्या शेवटच्या तीन कसोटींत त्याचे 28 बळी.

18 डिसेंबर 2024 ला ब्रिस्बेनमध्ये, मालिका अर्धवट असताना, त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं. 106 कसोटी, 537 बळी, सहा शतकं. भारताकडून त्याच्या पुढे फक्त कुंबळे, 619. घरच्या मैदानांवरच घेतले, हा आरोप शेवटपर्यंत चिकटून राहिला. 383 बळी भारतातले आहेत खरे. पण परदेशात अनेकदा त्याला बाहेर बसवलं गेलं, हे आरोप करणारे मोजत नाहीत याचा मला राग येतो.

विदर्भाच्या फिरकीची गोष्ट तोवर पुढे गेली होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. 2021 मध्ये मणिपूरविरुद्धच्या टी-20 सामन्यात त्याने चार षटकं टाकली, चारही निर्धाव, दोन बळी. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये, अश्विन निवृत्त झाल्यानंतर दोनच महिन्यांत, जामठ्यावरच्या रणजी अंतिम सामन्यात विदर्भाच्या हर्ष दुबेने हंगामातला 69 वा बळी घेतला. रणजीच्या एका हंगामात इतके बळी त्याआधी कुणीच घेतले नव्हते.