मी नाही दिसलो तुला?

आषाढातली रात्र. गोव्यात फोंड्याहून सावईवेरेकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कुळागरं, वर पोफळींची गच्च सावली. पाऊस नुकताच उघडला होता आणि माझी गाडी ताशी ५० च्या आसपास होती. अचानक पुढ्यात एक गवताचा भारा उगवला. त्याच्याखाली सायकल, सायकलवर एक म्हातारे काका. ब्रेक दाबला, गाडी घसरत थांबली, मध्ये हातभर जागा उरली. मी थरथरत खाली उतरलो. काका मात्र चकित झाले होते. म्हणाले, "बाबा, तुझ्या गाडीचा उजेड मला केव्हाचा दिसत होता. मी नाही दिसलो तुला?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण काका खरंच बोलत होते.

अंधारात डोळ्याचा कारभार दंडपेशींकडे, म्हणजे मंद उजेडात बघणाऱ्या पेशींकडे जातो. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडात विघटित होतं आणि अंधारात हळूहळू पुन्हा भरतं. ते पुरतं भरायला साधारण अर्धा तास लागतो. काका शेतातून अंधारातच निघालेले, त्यामुळे त्यांना वाटेतला दगडसुद्धा दिसत होता. माझे डोळे हेडलाइटच्या उजेडाला सरावलेले, आणि दोन वळणं आधी समोरून आलेल्या ट्रकने ते आणखी दिपवले होते. रस्ता एकच, पण दोघांसाठी रात्र वेगवेगळी होती. आपल्याला दिसतंय म्हणजे आपणही दिसत असू, असं माणसाला सहज वाटतं. पादचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगांतही हेच आढळलं आहे: रात्री आपण किती लांबून दिसतो याचा अंदाज लोक प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त धरतात.

आता उजेडाचा हिशेब. दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो. पण ज्याच्याकडे दिवा नाही, त्याच्यापर्यंत माझ्या गाडीचा उजेड आधी जायला हवा आणि त्याच्या कपड्यांवरून विखरून परत माझ्याकडे यायला हवा. जातानाही घट, येतानाही घट. म्हणून अंतर दुप्पट झालं की त्याच्याकडून डोळ्यात येणारा उजेड सोळा पटींनी कमी होतो. सायकलवर स्वतःचा दिवा असेल तर एकच फेरी, चौपटच घट. एक वॉटचासुद्धा नसलेला एलईडी शेकडो मीटरवरून दिसतो तो यामुळेच.

आपल्या पावसात तर आणखी वाईट. ओल्या डांबरावर पाण्याचा थर आरशासारखा वागतो. माझा झोत त्यावरून पुढे निसटतो, माझ्याकडे परत येत नाही. समोरच्या गाडीचा झोत मात्र त्याच आरशातून थेट डोळ्यात येतो.

ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २१ मीटर तिथेच गेले. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी २४ च्या आसपास. एकूण ४५ मीटर. लो बीममध्ये, म्हणजे खाली झुकवलेल्या झोतात, काळपट कपड्यांतला माणूस अनेकदा ३० मीटरच्या आत आल्यावरच कळतो. त्या रात्री माझा वेग ३५ असायला हवा होता. हे माझं चुकलं, आणि ते काकांवर ढकलता येणार नाही. आपल्या उजेडाच्या टप्प्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवणं हे गाडीवाल्याचं काम आहे. पण काकांना ओळखायला मला किती वेळ मिळणार, हे त्यांच्याच हातात होतं.

रिफ्लेक्टर स्वस्त आणि गुणी वस्तू आहे. त्यातले बारीक कोपरे उजेडाला ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवतात. पॅडलवरचे रिफ्लेक्टर तर फारच उपयोगी. गुन्नार योहानसन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं की अंधारात सांध्यांवरचे मोजके ठिपके हलताना दिसले तरी मेंदू क्षणात ओळखतो, हा माणूस आहे. वर-खाली होणारे दोन ठिपके तेच सांगतात. मात्र वाड्यावरच्या आडवाटेने तुम्ही हमरस्त्यावर येत असाल तर गाडीचा झोत तुमच्यावर पडतच नाही, मग रिफ्लेक्टर परत पाठवणार तरी काय? तिथे दिवाच हवा. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात ३,८४५ सायकलस्वारांवर झालेल्या प्रयोगात कायम पेटते दिवे लावलेल्यांचे इजा होणारे अपघात १९ टक्क्यांनी कमी आढळले. तिथे ते दिवसाही पेटते होते.

पहाटे काळोखात पों पों करत दारोदार पाव पोचवणाऱ्या पोदेराकडे मी हल्ली याच नजरेने बघतो. हॉर्न आधी ऐकू येतो, माणूस नंतर दिसतो. मागच्या टोपलीने मडगार्डवरचा रिफ्लेक्टर बहुतेक वेळा झाकलेला असतो.

काकांच्या सायकलला मी नंतर मागचा लाल दिवा नेऊन बसवला. पहिल्यांदा सीटखाली लावला होता. दुसऱ्या दिवशी भारा चढला आणि दिवा गवतात बुडाला. मग सुतळीने मडगार्डच्या अगदी खालच्या टोकाला बांधला आणि मी गाडी घेऊन शंभर पावलं मागे गेलो. काका भारा घेऊन पुढे चालत्या सायकलवर होते, आणि मला दिसत होते.