गावच्या लायब्ररीतलं इतिहासाचं कपाट: पार्श्वभूमी

विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी, बस स्टँडमागच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन देवघेव नोंदवही चाळली, की तीच ती नावं भेटतात. थोरले माधवराव, शिवाजी महाराज, संभाजी महाराज, कर्ण. कर्ण तर महाभारतातला, पण त्याच्यावरची कादंबरीही बहुतेक ठिकाणी ‘इतिहास व चरित्र’ याच कपाटात असते. संदर्भ देऊन, कागदपत्रं तपासून लिहिलेली चरित्रं तिथे मोजकीच सापडतात. असं का झालं, ते पाहायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मराठीतला पहिला चरित्रग्रंथ याच मुलखातला. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींना पाहिलेल्या माणसांकडून आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध झालं. पुढे ते सांकेतिक लिपीआड पंथापुरतंच राहिलं आणि सर्वसामान्य वाचकापर्यंत यायला विसावं शतक उजाडलं. तोवर गावाला चरित्र माहीत होतं ते पोथीतून आणि कीर्तनातून. शेगावच्या महाराजांवरची 21 अध्यायांची ओवीबद्ध पोथी शके 1861 च्या, म्हणजे 1939 च्या गुढीपाडव्याला पूर्ण झाली. दुसरं एकही पुस्तक नसलेल्या कितीतरी घरांत ती आजही असते.

14 ऑक्टोबर 1956 नंतर आणखी एक वाट तयार झाली. दीक्षाभूमीवर दरवर्षी लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांतून बाबासाहेबांची चरित्रं खेड्यापाड्यांत गेली. ताडपत्रीवर मांडलेल्या पातळ पुस्तिका, मोठे खंड, शेजारी फुले आणि बुद्ध. मजुरीवर जगणारी माणसं पिशव्या भरून पुस्तकं घरी नेतात. विदर्भातल्या चरित्रवाचनाचा विचार करताना ही खरेदी हिशेबात धरलीच जात नाही, आणि हे मला फार खटकतं.

वाचनालयांची कपाटं मात्र वेगळ्या पुस्तकांनी भरली. 1962 ते 1979 या काळात ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबरीने मराठी वाचकाला अक्षरशः वेड लावलं, आणि नेमका मधेच, 1967 मध्ये, राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. गावोगावी वाचनालयं उभी राहिली, अनुदान सुरू झालं आणि दाखल नोंदवहीत पहिल्यांदा चढली ती हीच पुस्तकं. लोकांना वाचायची गोडी त्यांनीच लावली, हे मान्यच करायला हवं.

खरा वाद आहे तो 2012 च्या निर्णयाचा. त्या वर्षी महसूल यंत्रणेकडून राज्यभरातल्या अनुदानित ग्रंथालयांची पडताळणी झाली. कुठे पुस्तकंच नव्हती, कुठे वाचक नव्हते, काही ग्रंथालयं फक्त कागदावर होती. कारवाई गरजेची होती, यात शंका नाही. पण त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता आणि चालू ग्रंथालयांची वर्गवाढ, म्हणजे वरच्या वर्गात बढती, दोन्ही थांबवण्यात आलं. सार्वजनिक पैसा वाया जाऊ नये, ही सरकारी बाजू. कार्यकर्त्यांचं म्हणणं असं, की बोगसांवर उगारलेला बडगा इमानदारीने वाचनालय चालवणाऱ्यांच्या पाठीत बसला. ‘ड’ या सगळ्यात खालच्या वर्गातलं वाचनालय पुस्तकं आणि सभासद वाढवूनही ‘ड’मध्येच अडकलं. अनुदानाचा अर्धा भाग ग्रंथपालाच्या पगारात जातो. उरलेल्यात भाडं, वीजबिल, वर्तमानपत्रं आणि मग पुस्तकं.

याच काळात नवी इतिहासाची पुस्तकं जाड आणि महाग होत गेली. नकाशे, छायाचित्रं, सूची असलेलं एक चरित्र घ्यायचं, की त्याच पैशांत तीन कादंबऱ्या? ग्रंथपाल कादंबऱ्या घेतो, आणि वाचकही त्याच मागतात. 2022 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ जाहीर झाली. ती हवीच होती, पण दहा वर्षांची तूट तेवढ्याने भरून निघणारी नव्हती.

सगळ्यात जास्त मार बसला तो इथल्याच इतिहासाला. ऑगस्ट 1942 मध्ये चिमूर आणि आष्टीला लोकांनी इंग्रज सत्तेला हादरवलं. अशा घटनांवर, स्थानिक सत्याग्रहींवर, गावच्या शिक्षकांनी आणि नातेवाइकांनी पदरमोड करून पुस्तिका छापल्या. विक्रेत्यांच्या याद्यांत त्या नसतात. त्या लेखकाच्या हातून वाचनालयात येतात, नोंदवहीत किमतीच्या रकान्यात ‘भेट’ असा शेरा पडतो आणि इतिहासाच्या कपाटात कादंबऱ्यांच्या गर्दीत कुठेतरी आडव्या सारल्या जातात.