पार्श्वभूमी : मजकूर साठवायचा कसा, मागे फिरायचे कसे

डेस्कटॉप ॲप्लिकेशनमध्ये मजकूर लिहिण्याची चौकट बसवायला आज दोन ओळींचा कोड पुरतो. टूलकिटमधली, म्हणजे प्रोग्रामरला मिळणाऱ्या तयार भागांच्या संचातली, चौकट उचलायची, खिडकीत ठेवायची, झाले. कर्सर लुकलुकतो, माऊसने ओढून शब्द निवडता येतात, कट-कॉपी-पेस्ट चालते. मग कोणीतरी विचारते, "यात कंट्रोल-झेड का चालत नाही?" आणि दोन ओळींचे काम दोन आठवड्यांवर जाते.

अनडू (केलेला बदल मागे घेण्याची सोय) म्हणजे मेन्यूत वाढवायची आणखी एक ओळ, असे धरून चालले की हे ठरलेलेच. मजकूर मेमरीत कसा ठेवला आहे आणि तो बदलायचा अधिकार कोडच्या कुठल्या भागाला आहे, यावर अनडूचे सगळे गणित अवलंबून असते. ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीच काही मंडळींना कळली होती. पुढे ती अनेकदा विसरली गेली आणि अनेकदा नव्याने शोधली गेली.

सुरुवातीच्या एडिटरांसमोर, म्हणजे मजकूर लिहिण्या-बदलण्याच्या प्रोग्रामांसमोर, स्क्रीनच नव्हता. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत डॅन मर्फी यांनी 'टेको' लिहिला. त्याच्या नावातला 'टे' हा टेपचा, कारण भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरचा मजकूर दुरुस्त करणे हेच त्याचे काम होते. १९६५-६६मध्ये बर्कलीत बटलर लॅम्पसन आणि पीटर डॉइश यांचा 'क्यूईडी' आला. केन थॉम्प्सन यांनी त्याची स्वतःची आवृत्ती लिहिताना त्यात रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे खुणांनी लिहिलेल्या नमुन्यावरून, शोधण्याची सोय घातली, १९६८मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला आणि पुढे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी 'ईडी' लिहिला. हे सगळे टेलिटाइपवर चाले, म्हणजे उत्तर कागदावर छापून येई. अमुक ओळ दाखव, तिच्यातला तमुक शब्द बदल, असे हुकूम द्यायचे आणि बाकीचा मजकूर डोक्यात ठेवायचा. चूक झाली तर ईडी फक्त एक प्रश्नचिन्ह छापत असे. आज तो उर्मटपणा वाटतो, पण प्रत्येक अक्षर खडखडत छापणाऱ्या यंत्रावर मितभाषी असणे ही सभ्यताच होती. सगळ्या मजकुरात नमुना शोधून सापडलेल्या ओळी छापण्याचा ईडीमधला हुकूम इतका उपयोगी ठरला की त्याच्याच आद्याक्षरांवरून 'ग्रेप' हा स्वतंत्र प्रोग्राम निघाला.

काचेचे टर्मिनल आले तेव्हा बिल जॉय यांनी १९७६च्या सुमारास 'व्हीआय' लिहिला. त्यात एच, जे, के, एल या अक्षरांनी कर्सर हलतो. यामागे कुठले गूढ तत्त्वज्ञान नाही. जॉय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करत होते, त्याच्या कीबोर्डवर बाण याच चार अक्षरांवर छापलेले होते. टर्मिनल अडगळीत गेले, बोटांची सवय राहिली.

व्हीआयमध्ये एकच की कधी अक्षर उमटवते, तर कधी हुकूम देते; एडिटर कोणत्या अवस्थेत, म्हणजे मोडमध्ये, आहे त्यावर ते ठरते. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७४मध्ये लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी आल्टो संगणकासाठी 'ब्राव्हो' केला, त्यातही असेच मोड होते. याविषयी एक किस्सा वर्षानुवर्षे सांगितला जातो. हुकमाच्या मोडमध्ये असताना कोणी चुकून 'एडिट' हा शब्द इंग्रजीत टाइप केला, तर पहिल्या अक्षराने सगळा दस्तऐवज निवडला जाई, दुसऱ्याने पुसला जाई, तिसऱ्याने नवा मजकूर घालण्याचा मोड सुरू होई आणि चौथे अक्षर त्या रिकाम्या पानावर एकटे उमटे.

लॅरी टेस्लर यांचा मोडवर मनापासून राग होता, इतका की त्यांच्या गाडीच्या नंबरपाटीवरही 'नो मोड्स' लिहिलेले होते. झेरॉक्सच्याच मालकीच्या एका पाठ्यपुस्तक प्रकाशनासाठी टिम मॉट यांच्यासोबत त्यांनी 'जिप्सी' हा एडिटर बनवला. त्याआधी तिथले संपादक कात्री आणि डिंक घेऊन काम कसे करतात हे दोघांनी पाहिले होते. कापा-डकवा हे नाव तिथून आले. जिप्सीत की दाबली की अक्षर उमटते, बस्स. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले. १९८३च्या लिसा आणि १९८४च्या मॅकिंटॉशमधून झेड, एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या चार कळा जगभर पसरल्या.

वापरणाऱ्याच्या नजरेतून जिप्सी जिंकला. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या नजरेतून पाहायचे तर मात्र ब्राव्होकडे परत यावे लागते.

मजकूर ही अक्षरांची एक लांब माळ धरली तर सुरुवातीला एक अक्षर घालताना मागची सगळी अक्षरे एकेक जागा सरकवावी लागतात. पाच पानांच्या पत्राला ते चालते, मोठ्या दस्तऐवजाला नाही. यावर एक तोड म्हणजे गॅप बफर : कर्सर जिथे आहे तिथे मुद्दाम मोकळी जागा सोडायची. टाइप केलेले अक्षर त्या जागेत पडते, कोणाला सरकावे लागत नाही. कर्सर दुसरीकडे गेला की मोकळी जागाही तिथे न्यायची. माणूस एकाच ठिकाणी बराच वेळ लिहितो, या साध्या निरीक्षणावर ही रचना उभी आहे. टेकोच्या मॅक्रोंमधून (साठवून ठेवलेल्या हुकमांच्या मालिकांमधून) १९७६मध्ये रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांच्या हातून ईमॅक्स हा एडिटर घडला. पुढे १९८५मध्ये आलेल्या ग्नू ईमॅक्समध्ये गॅप बफरच आहे आणि आजही तो बदललेला नाही. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या स्विंग टूलकिटमधल्या साध्या मजकुराच्या चौकटीतही तोच आहे, फक्त तो दिसत नाही.

ब्राव्होने दुसरी वाट धरली. जे स्ट्रॉदर मूर यांची ही कल्पना, पीस टेबल. मूळ फाइलला हातच लावायचा नाही. नवे जे काही टाइप होईल ते एका वेगळ्या बफरच्या, म्हणजे मेमरीतल्या राखीव जागेच्या, शेवटी जोडत जायचे. दस्तऐवज म्हणजे मग फक्त एक यादी : आधी मूळ फाइलमधली पहिली २४० अक्षरे, मग नव्या बफरमधली १२, मग पुन्हा मूळ फाइलमधली २४१व्यापासून पुढची. पुसायचे म्हणजे यादीतली नोंद बदलायची. पुसलेले अक्षर जिथे होते तिथेच असते, त्याच्याकडे बोट दाखवणारे कोणी उरत नाही इतकेच.

आता अनडूकडे पाहू. काहीच नष्ट होत नसेल, तर मागे जायला आधीची यादी पुरते. शिवाय ब्राव्होत मजकूर बदलणाऱ्या प्रोसिजर (कोडचे नाव दिलेले भाग) दोनच होत्या. एक मजकुराचा तुकडा बदलणारी, दुसरी त्याचे रूप, म्हणजे ठळक-तिरपे वगैरे, बदलणारी. प्रत्येक संपादन या दोनपैकी एका दारातूनच जाई, म्हणून दारावर वही ठेवून प्रत्येक बदल लिहून ठेवता येई. यंत्र मध्येच बंद पडले तर ती वही पुन्हा चालवून हरवलेले काम परत मिळवता येई. पुढे १९८३मध्ये लॅम्पसन यांनी प्रणाली-रचनेविषयी लिहिताना हे उदाहरण दिले आणि त्याच लेखात एका व्यापारी एडिटरचा, नाव न घेता, गमतीदार दाखलाही दिला. दस्तऐवजातली नावाने ओळखायची जागा शोधण्यासाठी त्या एडिटरचा कोड पहिली जागा शोधे, मग दुसरीसाठी पुन्हा सुरुवातीपासून निघे, तिसरीसाठी पुन्हा सुरुवातीपासून. कोडची बाहेरून दिसणारी मांडणी नीटनेटकी होती. आत काय चालले आहे हे कोणी पाहिले नव्हते.

मागे फिरण्याची कल्पना ब्राव्होपेक्षा जुनी आहे. ब्राउन विद्यापीठात १९६८मध्ये सुरू झालेल्या 'फ्रेस' या मजकूर-प्रणालीत अनडू होते. वॉरन टाइटलमन यांनी लिस्प या भाषेच्या प्रोग्रामिंग वातावरणात ते आणले. तरीही १९७६मध्ये आयबीएमच्या दोन संशोधकांना, निदान शेवटचा हुकूम तरी मागे घेता आला तर उपयोग होईल, असे लिहावे लागले. म्हणजे तोवर ते गृहीत धरलेले नव्हते.

सिमोनी १९८१मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि पीस टेबल त्यांच्याबरोबर वर्डमध्ये गेले. वर्डच्या जुन्या फाइलींच्या मांडणीतसुद्धा ते उतरले होते. 'फास्ट सेव्ह' चालू असेल तर वर्ड सगळी फाइल नव्याने लिहिण्याऐवजी शेवटी नवे बदल जोडून यादी बदलत असे. वेग मिळे, पण पुसलेली वाक्ये फाइलमध्ये तशीच पडून राहत आणि साध्या साधनाने उघडल्यावर वाचता येत. ती फाइल दुसऱ्याला पाठवणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल!

तयार चौकटींनी या सगळ्या विचारावर झाकण घातले. विंडोजच्या मूळ एडिट कंट्रोलमध्ये, म्हणजे तिथल्या तयार चौकटीत, एकाच पायरीचे अनडू होते, आणि पुन्हा कंट्रोल-झेड दाबले की ते अनडूच उलटे होई. नोटपॅड म्हणजे तेव्हा या कंट्रोलभोवतीची खिडकी होती. त्यामुळे त्यात दोन पायऱ्या मागे जाता येईना. बहुपायरी अनडू नोटपॅडला विंडोज ११साठीच्या नव्या रूपात मिळाले. दरम्यान १९९०च्या दशकातच मायक्रोसॉफ्टच्या रिच एडिट २.० या कंट्रोलमध्ये ती सोय आलेली होती. पण दुसऱ्याच्या चौकटीवर घर बांधले की तिच्या मर्यादाही घरात येतात.

स्विंगने उलट धोरण ठेवले. चौकट प्रत्येक बदल जाहीर करते, ते बदल ऐकणारा अनडू मॅनेजरही देते, पण दोघांची गाठ प्रोग्रामरनेच मारायची. गाठ मारली की नव्या गमती सुरू होतात. प्रत्येक अक्षर ही वेगळी पायरी धरली जाते, म्हणून कंट्रोल-झेड दाबले की शब्दातले एकच अक्षर जाते. मॅनेजर मुळात शंभरच पायऱ्या लक्षात ठेवतो, म्हणजे दोन-तीन वाक्यांतच आठवण संपते. आणि प्रोग्रामच्या कोडला रंग देणारा एडिटर बनवायला घेतला तर कळते की रंग बदलणे हेसुद्धा संपादनच धरले गेले आहे. वापरणारा मागे जायला की दाबतो आणि पडद्यावर काय होते, तर एका शब्दाचा निळा रंग जातो! 'एक पायरी' म्हणजे काय, हे यंत्राला सांगता येत नाही. शब्द संपला, कर्सर दुसरीकडे गेला, थोडा वेळ काही टाइप झाले नाही, अशा खुणांवरून ती ठरवावी लागते. प्रत्येक एडिटरने ती आपापल्या परीने ठरवली आहे.

ओळ कुठे संपते, हे तरी सोपे असावे. तेही नाही. टेलिटाइपला छापणारा भाग डावीकडे नेणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे ही दोन वेगळी कामे होती, म्हणून दोन वेगळी चिन्हे. विंडोजने दोन्ही ठेवली, युनिक्सने दुसरे ठेवले, जुन्या मॅकने पहिले. युनिक्सवरची फाइल नोटपॅडमध्ये एकाच लांबलचक ओळीत दिसे, ती दुरुस्ती २०१८ साली झाली.

त्याच वर्षी व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या एडिटरच्या मंडळींनी आपली साठवण मोडून नव्याने बांधली. तोवर ते प्रत्येक ओळीसाठी मेमरीत एक वस्तू ठेवत. एका वापरकर्त्याची ३५ एमबीची फाइल उघडेना. तीत १ कोटी ३७ लाख ओळी होत्या आणि एवढ्या वस्तूंना सुमारे ६०० एमबी मेमरी लागत होती. उत्तर म्हणून त्यांनी पीस टेबलच घेतले. त्यातली जुनी उणीव ही की अमुक क्रमांकाची ओळ कुठे आहे हे चटकन सांगता येत नाही. म्हणून यादीऐवजी संतुलित झाड (सारख्या उंचीच्या फांद्या फुटत जाणारी माहितीची रचना) वापरले आणि त्याच्या प्रत्येक फांदीवर खाली किती ओळी आहेत याचा आकडा लिहून ठेवला. आल्टोवरची कल्पना चाळीसेक वर्षांनी नव्या कपड्यांत परत आली.

या सगळ्या रचनांच्या मुळाशी एक गृहीतक आहे : अक्षर म्हणजे एक मोजता येणारी जागा. देवनागरी लिहिणाऱ्याला ते रोज मोडताना दिसते. 'क्ष' हे डोळ्याला एक अक्षर, पण युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, क, हलन्त आणि ष असे तीन घटक. बाणाची की दाबली की कर्सरने सगळा 'क्ष' ओलांडावा की मध्ये थांबावे? डिलीट की बहुतेक ठिकाणी पुढचा सगळा समूह पुसते, बॅकस्पेस मात्र शेवटचा घटकच काढते, आणि मागे पाय मोडका 'क्' उरतो. हे मुद्दाम केलेले आहे, कारण चुकलेली वेलांटी काढताना सगळे अक्षर गेले तर लिहिणारा वैतागेल. अक्षरसमूह कुठे तुटतो याचे युनिकोडचे सर्वसाधारण नियम हलन्तानंतर तुकडा पाडत असत, म्हणजे त्यांच्या हिशेबी 'क्ष' ही दोन अक्षरे होती. देवनागरीसह काही लिप्यांची जोडाक्षरे एकत्र धरणारा नियम २०२३च्या १५.१ आवृत्तीत आला. ज्या ॲप्लिकेशनमध्ये त्याआधीची लायब्ररी (तयार कोडचा संच) बसलेली आहे, तिथे कर्सर अजूनही 'क्ष'च्या पोटात थांबू शकतो.