खलपुरुषांची पुस्तके आणि मराठवाड्यातील मुले : पार्श्वभूमी

मराठवाड्यातील दहा-बारा वर्षांच्या मुलाला इतिहासातला खलपुरुष पुस्तकाआधी बहुधा सहलीत भेटतो. दौलताबादच्या किल्ल्यावर ‘अंधारी’ या काळोख्या भुयारी वाटेतून वर जाताना शत्रूची दिशाभूल कशी होई हे रंगवून सांगितले जाते, आणि खुलताबादला औरंगजेबाची उघडी, साधी कबर पाहिली की एवढ्या मोठ्या बादशहाची कबर अशी का, हा प्रश्न मूल विचारतेच. त्या प्रश्नाला पुरेल असे पुस्तक निवडायचे, तर या माणसांच्या प्रतिमा कोणी आणि कशा घडवल्या, हे निवडणाऱ्याला आधी ठाऊक असावे लागते.

‘वेडा महंमद’ हे त्याचे ठळक उदाहरण. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद नाव देऊन तेथे राजधानी हलवली. त्या स्थलांतराचे सर्वांत कटू वर्णन करणारा फारसी कवी-इतिहासकार इसामी हा स्वतः त्या वाटेने आलेला मुलगा होता, आणि त्याचे नव्वदीचे आजोबा वाटेतच मरण पावले होते. पुढे 1350 मध्ये त्याने आपले काव्य पूर्ण केले, ते तुघलकाविरुद्ध बंड करून गादीवर आलेल्या बहमनी सुलतानाच्या आश्रयाने. म्हणजे दुःख खरे होते आणि आश्रयदात्याची सोयही खरी होती. पाचवी-सहावीच्या मुलाला हे समजत नाही, असे मानण्याचे कारण नाही. वर्गातल्या भांडणाची हकिगत कोण सांगतो यावर ती कशी बदलते, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले माहीत असते. याउलट, दिल्लीत मागे राहिलेल्या आंधळ्याला दौलताबादपर्यंत फरफटत नेले आणि त्याचा केवळ पाय पोहोचला, ही मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने नोंदवलेली कथा बालपुस्तकांत चवीने येते. तो स्वतः दिल्लीला पोहोचला त्यानंतर काही वर्षांनी, त्यामुळे ती ऐकीव आहे. एवढे न सांगता जे पुस्तक केवळ ती फरफट रंगवते, ते या वयासाठी बाजूला ठेवलेले बरे.

मराठीत खलपुरुषाच्या कथेचा साचा पोवाड्याने घातला. अज्ञानदासाचा अफझलखान-वधाचा पोवाडा हा त्यातला आद्य मानला जातो. पोवाडा ऐकवण्यासाठी असतो आणि त्याला शत्रू भयंकरच लागतो. तोच सूर गद्य चरित्रात तसाच उतरला की अफझलखान विजापूरच्या दरबाराचा अनुभवी सरदार न राहता निव्वळ राक्षस होतो.

खरी कसोटी मात्र रझाकारांवरील, म्हणजे हैदराबाद संस्थानात निजामाची सत्ता टिकवण्यासाठी उभ्या राहिलेल्या सशस्त्र संघटनेवरील पुस्तकांची आहे, कारण तो काळ अनेक घरांत आजी-आजोबांच्या आठवणींतून अजून जिवंत आहे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करीत असे. गावे सोडून पळालेली कुटुंबे, जाळपोळ, स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांचा लढा हे सारे मुलांना सांगितले गेलेच पाहिजे. पण त्याच पुस्तकात ‘इमरोज’ या उर्दू वृत्तपत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनाही जागा हवी. रझाकारांविरुद्ध लिहिले म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. हे एक पान नसेल तर वर्गातल्या शेजारच्या बाकावरचा मुलगाच रझाकार ठरतो, आणि ही भीती काल्पनिक नाही.

बहुतेक पुस्तके 17 सप्टेंबर 1948 ला, हैदराबाद मुक्त झाले त्या दिवशी, झेंडा फडकवून संपतात. त्यानंतर निजाम मीर उस्मान अली खान 1950 पासून 1956 पर्यंत हैदराबाद राज्याचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा घटनात्मक प्रमुख होता आणि रझवी 1957 मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेला, हे वाचून मूल गोंधळते. तो गोंधळ सहावीपासून पेलण्यासारखा आहे. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे सप्टेंबर 1948 मधील भारतीय लष्कराच्या हैदराबादवरील कारवाईनंतर, मुस्लिमांवर झालेले अत्याचार आणि त्यांची चौकशी करणारी पंडित सुंदरलाल समिती यांविषयीचे लेखन मात्र सातवी-आठवीपर्यंत थांबवावे, आणि तेव्हाही मुलाच्या हाती एकट्याने देऊ नये, तर घरातल्या मोठ्या माणसाने सोबत बसून वाचावे.