पहिल्यानंतर आत उतरणारा दुसरा

टाकीत उतरलेला माणूस हाकेला ओ देत नाही. वर उभा असलेला सोबती वाकून बघतो, तर तो तळाशी निपचित पडलेला. सोबती क्षणभरही न थांबता खाली उतरतो. थोड्या वेळाने त्या दोघांना काढायला तिसरा उतरतो. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ साली बंदिस्त जागांमधल्या मृत्यूंबद्दल एक इशारा प्रसिद्ध केला होता. त्यातला आकडा आजही अस्वस्थ करतो. अशा जागांत दगावलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्या कुणाला तरी वाचवायला गेलेले होते.

पहिल्याला ज्याने पाडलं, ते अजून तिथेच असतं. मदतीला धावणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी फक्त पडलेला माणूस असतो, त्याला पाडणारी गोष्ट नसते. बचावपथकांचं प्रशिक्षण बरंचसं याच एका गोष्टीशी झगडण्यात जातं, आणि तसंच व्हायला हवं.

या टाकीचंच बघू. हवेत साधारण २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. १९.५ टक्क्यांखाली तो गेला की ती जागा असुरक्षित मानतात आणि ६ टक्क्यांच्या आसपास काही श्वासांतच शुद्ध हरपते. आपल्याला ऑक्सिजन कमी झाल्याचं जाणवत नाही, ही यातली जीवघेणी बाब. जीव घुसमटल्याची जी भावना होते ती मुख्यतः रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. ऑक्सिजन कमी असलेल्या हवेत आपण कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखाच बाहेर टाकत असतो, त्यामुळे धोक्याची घंटा वाजतच नाही. माणूस शिडीवरून उतरतो आणि कोसळतो, बस.

अशा टाकीत असू शकणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूची तऱ्हा आणखी फसवी. सडक्या अंड्यांसारखा त्याचा वास अगदी सूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे १०० भाग झाले, की काही मिनिटांत नाक बधिर होतं. वास ‘गेला’ असं वाटतं तेव्हा वायू वाढलेला असू शकतो. ७०० ते १,००० भागांना एकदोन श्वास पुरतात. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो, म्हणून टाकीच्या तोंडाशी घेतलेली मोजणी पुरेशी नसते. मापक दोरीला बांधून वर, मध्ये आणि तळाशी असं तीन पातळ्यांवर बघावं लागतं. आधी ऑक्सिजन, मग पेट घेणारे वायू, मग विषारी, हा क्रमही ठरलेला आहे, कारण ऑक्सिजन कमी असेल तर पेट घेणारे वायू मोजणारी काही उपकरणं चुकीचा आकडा दाखवतात. गाळणीचा मास्क इथे निरुपयोगी. तो हवा स्वच्छ करतो, ऑक्सिजन तयार करत नाही. पाठीवर हवेची टाकी हवी. सगळ्यात चांगला उपाय मात्र आत न उतरण्याचाच. उतरणाऱ्याच्या अंगात आधीपासून हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचे पट्टे, असतील आणि टाकीच्या तोंडाशी तिपाईवर दोर गुंडाळून ओढणारं विंच असेल, तर त्याला वरूनच ओढून काढता येतं. ही तयारी अपघातानंतर नव्हे, पहिला माणूस उतरण्याआधी करायची असते.

ढिगाऱ्यावर धोका वेगळा, पण चूक तीच. १९८५ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात सामान्य नागरिक हातांनी दगड उपसत राहिले. त्यांनी सुमारे ८०० माणसं जिवंत काढली, आणि ते करताना त्यांच्यातलेच सुमारे १०० जण दगावले. पडलेली इमारत स्थिर झालेली नसते. एक तुळई हलवली की तिच्यावरचा भार दुसऱ्या कशावर तरी जातो, आणि नंतरचे धक्के तर येतच असतात. म्हणून प्रशिक्षित पथकं आत शिरण्याआधी लाकडी टेकू लावतात. लोखंड सोडून लाकूडच का? भार वाढला की लाकूड आधी करकरतं, टेकूला ठोकलेल्या पाचरी चेपतात, आणि मोडण्याआधी माणसाला थोडा वेळ मिळतो. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. जे साहित्य आधी ओरडून सांगतं, ते इथे अधिक सुरक्षित.

बाहेर कुणीतरी दुर्बिणीतून भिंतीचा कल बघत बसलेला असतो. त्याच्याकडे दुसरं कसलंच काम नसतं आणि तसं देऊही नये. शिट्टीचे किंवा भोंग्याचे इशारे आंतरराष्ट्रीय पथकांनी एकसारखे ठेवले आहेत: तीन छोटे म्हणजे लगेच बाहेर पडा, एक लांब म्हणजे काम थांबवा आणि शांत राहा, एक लांब व एक छोटा म्हणजे पुन्हा सुरू करा. भाषा न कळणाऱ्यालाही हे कळतं.

पण आत जायचंच नाही, असं कधी ठरवायचं? जिवंत माणसासाठी घ्यायचा धोका आणि मृतदेहासाठी घ्यायचा धोका सारखा असू शकत नाही, असा अग्निशमन दलांचा नियम आहे. बोलायला सोपा, पण बाहेर नातेवाईक उभे असताना पाळायला अतिशय जड.

२००७ साली अमेरिकेच्या युटा राज्यातल्या क्रँडल कॅनियन खाणीत सहा कामगार अडकले. डोंगराचा भार पेलणारे कोळशाचे खांब फुटले होते. त्यांच्यापर्यंत पोहोचायला बचावपथक बोगद्यातला मलबा उपसत पुढे सरकत होतं. अडचण अशी, की तोच मलबा उरलेल्या खांबांना बाजूंनी दाबून धरत असतो. १६ ऑगस्टला एक भिंत फुटली. बचावपथकातले तीन जण ठार झाले, सहा जखमी झाले. आतून पोहोचण्याचे प्रयत्न तिथेच थांबवले. ते सहा कामगार अजूनही त्या डोंगरात आहेत.

तीन वर्षांनी, १९ नोव्हेंबर २०१० रोजी, न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीत मिथेनचा स्फोट झाला आणि २९ जण आत राहिले. बचावपथक दाराशी तयार होतं, कुटुंबं आत जाऊ द्या म्हणून विनवत होती. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असताना स्फोटक असतो आणि आतली स्थिती नेमकी कळत नव्हती, म्हणून पोलिसांनी परवानगी दिली नाही. चोवीस तारखेला दुसरा प्रचंड स्फोट झाला. त्या वेळी आत कुणी असतं तर वाचलं नसतं. त्या घरांचा राग मी चुकीचा म्हणणार नाही. पण बाहेर थांबलेली माणसं जिवंत राहिली, तीही कुणाच्या तरी घरची होती.

पाण्याखाली हा हिशेब आणखी कठोर होतो. दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होल या पाण्याने भरलेल्या विवरात, सुमारे २७० मीटर खोल, १९९४ साली बुडालेल्या एका पाणबुड्याचा देह डेव्ह शॉ या ऑस्ट्रेलियन पाणबुड्याला सापडला होता. जानेवारी २००५ मध्ये तो आणायला शॉ पुन्हा खाली गेला. तिथे दाब पृष्ठभागाच्या सुमारे २८ पट. श्वासाचा वायू इतका दाट होतो, की तो आतबाहेर करणं हेच कष्टाचं. देह पिशवीत घालण्याची धडपड सुरू झाली, श्वास वाढला, कार्बन डायऑक्साइड साचला, भान गेलं. साधी हालचालही तिथे प्राणघातक ठरते. काही दिवसांनी दोर वर ओढताना दोघांचेही देह वर आले.

एका भीतीबद्दल मात्र निश्चिंत राहता येतं. भूकंपात किंवा पुरात दगावलेल्यांच्या देहांमुळे साथी पसरत नाहीत, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगते आहे. देह उचलणाऱ्याला रक्तातून आणि विष्ठेतून लागणाऱ्या संसर्गांचा धोका असतो. हातमोजे, बूट, हात धुणं आणि हेपॅटायटिस बीची लस यांनी तो बराच आटोक्यात राहतो. साथीच्या भीतीने घाईघाईत ओळख न पटवता पुरणं, याने फक्त कुटुंबांचं दुःख वाढतं.

घाबरायचं असेल तर धुळीला घाबरावं. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण एका दिवसात गेले. पुढचे कित्येक महिने त्यांचे सहकारी ढिगारा उपसत होते. त्या धुळीत काचतंतू, ॲस्बेस्टॉस आणि अल्कधर्मी सिमेंट होतं. मास्क लावून बोलता येत नाही, म्हणून तो गळ्यात लोंबकळत राहतो. सप्टेंबर २०२३ मध्ये, त्या धुळीशी जोडलेल्या आजारांनी गेलेल्या दलातल्या लोकांची संख्याही ३४३ झाली.

मनाचं काय? देह काढणाऱ्यांना सर्वाधिक छळतात त्या वस्तू. खिशातलं पत्र, लहान बूट, हातातली अंगठी. देह मग ‘कुणीतरी’ राहत नाही, नाव असलेला माणूस होतो. म्हणून जो देह उचलतो त्याने खिसे तपासू नयेत, वस्तूंची नोंद वेगळ्या माणसाने करावी आणि कामाच्या पाळ्या छोट्या ठेवाव्यात. काम संपताच सगळ्यांना गोल बसवून ‘काय वाटलं ते सांगा’ असा आग्रह धरण्याची पद्धत एके काळी रूढ होती. तिने पुढचा मानसिक आघात टळत नाही, उलट काहींना त्रास होतो, असं अभ्यासांत दिसलं. पाणी, जेवण, झोप, घरी फोन आणि बोलावंसं वाटलं तर ऐकणारा एक माणूस, एवढं आधी हवं. ऐकणारा शक्यतो त्याच पथकातला असावा.